दाखल्यावरचं अर्धं कारण

नंदुरबारच्या सातपुड्यातल्या काठी गावाच्या एखाद्या पाड्यावर तान्हं मूल दगावलं, त्याची बातमी झाली आणि जिल्ह्याच्या गावी कुणी जाब विचारला, की येणारं उत्तर ठरलेलं असतं. मूल कुपोषणाने गेलं नाही, न्यूमोनियाने गेलं. कधी न्यूमोनियाच्या जागी ‘कमी वजन’ येतं, कधी ‘मुदतपूर्व जन्म’, कधी ‘जन्मतः श्वासावरोध’. मेळघाट आणि नंदुरबारच्या बालमृत्यूंचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे वर्षानुवर्षं चालला; तिथेही शासनाच्या बाजूने हे म्हणणं मांडलं गेलं. ऑगस्ट 2022 च्या पावसाळी अधिवेशनात विधानसभेत गदारोळ झाला, तोही याच मुद्द्यावर. सरकारं बदलली, खात्यांचे मंत्री बदलले, उत्तर तेच राहिलं.

या उत्तराचा प्रतिवाद नेहमी भावनेने केला जातो. खपाटीला गेलेल्या पोटाचे फोटो छापले जातात, अग्रलेख येतात, आणि मग कुणीतरी शांतपणे म्हणतं की भावना ठीक आहेत, पण वैद्यकीय कारण वेगळं आहे. तिथे चर्चा संपते. ती तिथे संपू नये. ज्या वैद्यकशास्त्राची साक्ष काढली जाते, त्या साक्षीदाराला मधेच खाली बसवू नका, त्याला पूर्ण बोलू द्या, एवढंच माझं मागणं आहे. तो पूर्ण बोलला तर ‘न्यूमोनिया की कुपोषण’ हा प्रश्नच उभा राहत नाही.

कागदावरचं कारण बदललं की जबाबदारीचा पत्ता बदलतो, म्हणून हा वाद शब्दांचा नाही. न्यूमोनिया म्हटला की विषय औषधांचा, रुग्णवाहिकेचा, मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या रिक्त जागांचा होतो. हे सगळं खरंच हवं आहे. पण त्याच वेळी अंगणवाडीचा आहार, रेशन, रोजगार हमीची थकलेली मजुरी, घरदार घेऊन उसाला जाणारी माणसं हे सगळे विषय त्या मृत्यूपासून सुटे होतात. मृत्यू एका खात्याचा राहतो आणि बाकीची खाती मोकळी होतात.

आता मृत्यूच्या कारणाचा फॉर्मच पाहू. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. त्याखाली डॉक्टरने भरायचा चार नंबरचा फॉर्म आहे. त्याचा पहिला भाग तात्काळ कारण विचारतो आणि तिथे थांबत नाही. खालच्या ओळीत विचारतो, हे कशामुळे झालं? त्याच्या खाली पुन्हा, आणि ते कशामुळे? दुसरा भाग मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर स्थितींसाठी राखलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत कुपोषणाला ई-40 ते ई-46 असे स्वतंत्र क्रमांक आहेत. गर्भातच वाढ खुंटणं आणि गर्भाचं कुपोषण यांना पी-05 हा वेगळा क्रमांक आहे. म्हणजे ज्यांनी हा कागद तयार केला त्यांना ठाऊक होतं की न्यूमोनिया ही बहुतेक वेळा गोष्टीची शेवटची ओळ असते. आपण शेवटची ओळ वाचून वही मिटतो.

या गोष्टीच्या आधीच्या ओळींत काय असतं, ते समजायला थेट श्वासनलिकेपाशी जावं लागतं. न्यूमोनियाच्या चर्चेत जंतू, प्रतिकारशक्ती, थंडी, धूर यांवर बोललं जातं. ज्या नळीतून हवा आत-बाहेर करायची ती नळी कधी बांधली गेली आणि कशाने बांधली गेली, हे मात्र कुणी विचारत नाही.

गर्भाच्या चौथ्या आठवड्यात श्वासमार्गाचा अंकुर फुटतो. तो दुभंगतो, पुन्हा दुभंगतो, फांद्या फुटत जातात. सातव्या-आठव्या आठवड्याच्या सुमाराला मुख्य नळीभोवती पेशींचे पुंजके दाटू लागतात आणि त्यांतून कूर्चा, म्हणजे आपण कुरकुरं हाड म्हणतो ते, आकार घेऊ लागते. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेत कूर्चेच्या सोळा ते वीस कड्या असतात, मागच्या बाजूने उघड्या. मागे स्नायू असतो. श्वास आत घेताना नळीतला दाब उतरतो. या कड्या नसत्या तर प्रत्येक श्वासाला नळी मिटली असती. उंदरांच्या गर्भात कूर्चा घडवणारं सॉक्स-9 नावाचं जनुक श्वासनलिकेपुरतं काढून टाकलं, तेव्हा कड्या तयारच झाल्या नाहीत आणि पिल्लं जन्मताच श्वास कोंडून मेली. फुफ्फुसं होती, स्नायू होते, हवाही होती. नळी उघडी धरणारं काही नव्हतं.

कूर्चा घट्ट असते ती दोन गोष्टींच्या ताणातून. तिच्या आत पाणी धरून फुगणारे मोठे रेणू असतात, आणि त्या फुगण्याला आवर घालणारं कोलॅजनच्या तंतूंचं जाळं असतं. काठीच्या घराचा कूड पाहिलेल्याला हे लगेच कळेल: बांबूच्या कामट्यांची वीण ओल्या मातीला धरून ठेवते आणि दोन्ही मिळून भिंत होते. कूर्चेत ही वीण सगळीकडे सारखी नसते. पृष्ठभागालगत कोलॅजनचे तंतू पृष्ठभागाला समांतर, दाटीने बसलेले असतात. आत गेलं की त्यांची दिशा मोकळी होते. माणसाच्या श्वासनलिकेच्या कूर्चेचे पातळ काप ताणून पाहिले तेव्हा बाहेरचे थर सर्वांत ताठ निघाले आणि आतल्या बाजूला ताठरपणा उतरत गेला. कडी वाकली तरी मोडत नाही आणि सोडली की पुन्हा मूळच्या आकारात येते, ती या मांडणीमुळे. म्हणून कोलॅजन किती आहे याइतकंच ते कुठे आहे आणि कसं विणलं गेलं आहे, हे महत्त्वाचं.

हे कोलॅजन आकाशातून पडत नाही. त्याच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात, आणि हा पीळ शरीराच्या उष्णतेला टिकावा म्हणून साखळीतल्या प्रोलीन नावाच्या घटकावर पेशीला एक रासायनिक काम करावं लागतं. ते झालं नाही तर पीळ चोवीस अंशांच्या आसपासच उलगडतो. आणि शरीर तर सदतीस अंशांवर आहे. हे काम करणाऱ्या विकराला चार गोष्टी लागतात: प्राणवायू, पेशीच्या ऊर्जाचक्रातला एक छोटा रेणू, क जीवनसत्त्व आणि लोह. पुढे तंतू एकमेकांना जोडायला तांबं लागतं. क जीवनसत्त्व कमी पडलं की हिरड्यांतून रक्त येतं आणि जुनी जखम उकलते, त्याला आपण स्कर्व्ही म्हणतो. तिथे उलगडतं ते हेच कोलॅजन.

आता नंदुरबारच्या गरोदर बाईकडे पाहा. तिच्या रक्तात लोह किती? दवाखान्यात तिचं हिमोग्लोबिन बघून आशा आणि नर्स दोघींच्या कपाळाला आठ्या पडतात, हे या भागात काम केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. शिवाय सिकलसेलचा आजार सातपुड्याच्या या पट्ट्यात घराघरांत आहे. तिथे प्राणवायूची ने-आणच अडते. क जीवनसत्त्वाचं म्हणाल तर या डोंगरात आंबा आहे, आवळा आहे, पावसाळ्यात रानभाज्या आहेत. पण आंबा कोवळा उतरवून, कापून, उन्हात वाळवून त्याची आमचूर केली जाते आणि ती व्यापाऱ्याला जाते. उन्हात क जीवनसत्त्व बरंचसं उडून जातं आणि उरलेलं बाजारात जातं. घरात मिठाचे-तेलाचे पैसे येतात.

इथे समोरून एक ठाम आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. म्हणतात, गर्भ स्वार्थी असतो. आईच्या हाडामासातून त्याला हवं ते तो ओढून घेतो, आई खंगली तरी बाळाला फार काही कमी पडत नाही. यात अर्धं सत्य आहे. वार आईच्या शरीरातून लोह आणि कॅल्शियम बाळाकडे ओढते खरी. पण ओढायला साठा तर हवा! तीव्र रक्तक्षय असलेल्या आईचं बाळ कमी लोहसाठा घेऊन जन्मतं, कमी वजनाचं आणि बरेचदा मुदतीआधी जन्मतं, हे प्रसूतिशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. गर्भाला कमी पडत नसतं तर अडीच किलोच्या आतली एवढी बाळं जन्मली नसती.

गर्भातल्या उपासमारीचा फटका श्वासमार्गापर्यंत पोहोचतो, याचे पुरावेही आहेत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मेंढ्यांच्या गर्भांची वाढ मुद्दाम रोखून पाहिली. त्या कोकरांच्या श्वासमार्गाच्या भिंतीत कूर्चेचं प्रमाण घटलेलं आढळलं. माणसांवर असा प्रयोग कुणी करणार नाही, करूही नये. पण इतिहासाने तो एकदा केला आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. त्या काळात ॲमस्टरडॅममध्ये गर्भात असलेली मुलं पन्नाशीला आली तेव्हा त्यांची तपासणी झाली. ज्यांच्या वाट्याला ती उपासमार गर्भाच्या सुरुवातीच्या किंवा मधल्या महिन्यांत आली होती, त्यांच्यात श्वासमार्ग अरुंद करणारे आजार अधिक निघाले. हा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्याआधी 1991 मध्ये डेव्हिड बार्कर आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या हर्टफर्डशायरमधल्या जुन्या नोंदी शोधून दाखवलं होतं की जन्मतः वजन कमी असलेल्यांची फुफ्फुसाची ताकद साठीतही कमी भरते. गर्भातल्या उणिवेचा माग साठ वर्षं पुसला जात नसेल, तर तो साठ दिवसांच्या बाळात नसतो असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आठवड्यांचा हिशेब मला यात सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. 1961 मध्ये बुखर आणि लिन रीड या संशोधकांनी वेगवेगळ्या वयाच्या मानवी गर्भांची फुफ्फुसं तपासून फांद्या कधी फुटतात आणि कूर्चा कधी पोहोचते याचा आलेख मांडला. पुढे लिन रीड यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम त्यातूनच आला: श्वासमार्गाची सगळी फांदणी गर्भाच्या सोळाव्या आठवड्यापर्यंत पुरी होते. कूर्चा फांद्यांच्या मागून जाते आणि सहाव्या महिन्याच्या सुमाराला तिचा विस्तार जवळजवळ पूर्ण होतो. वायुकोश मात्र जन्मानंतरही कित्येक वर्षं तयार होत राहतात. म्हणजे फुफ्फुसाची पोकळी नंतर वाढू शकते. हवा नेणाऱ्या नळ्यांची संख्या एकदाच ठरते, आणि ती बाईचं पोट दिसू लागण्याच्या सुमारालाच ठरून गेलेली असते.

हे आठवडे काठीच्या वर्षात कुठे पडतात? दसरा-दिवाळी झाली की अक्कलकुवा, धडगाव तालुक्यांतली माणसं निघतात. कुणी दक्षिण गुजरातच्या उसात, कुणी महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. पडावावर प्लास्टिकच्या पालात मुक्काम, पहाटे अंधारात तोडणी सुरू, डोक्यावर मोळी, संध्याकाळी चुलीच्या धुरात भाकरी. ही माणसं परततात होळीला. काठीची राजवाडी होळी 1246 पासूनची सांगतात. रात्रभर ढोल वाजतो, मोरखी आणि बावा अशी सोंगं नाचतात, पहाटे उंच बांबू पेटतो. त्या होळीसाठी सातपुड्याचा माणूस कुठेही असला तरी घरी येतो. दिवाळीपासून होळीपर्यंत एकोणीस आठवडे होतात. दिवाळीला जिला दिवस गेले, ती होळीला गावात येऊन अंगणवाडीत नाव नोंदवते, तेव्हा तिच्या बाळाच्या श्वासमार्गाची फांदणी पुरी होऊन गेलेली असते. लोहाची गोळी, गरम जेवण, अंडं, वजनकाटा, सोनोग्राफीची तारीख हे सगळं त्यानंतर सुरू होतं. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना 2015 पासून आदिवासी भागात आहे आणि ती चांगली योजना आहे. पण ती गावातल्या अंगणवाडीत शिजते, आणि बाई त्या चार महिन्यांत गावात नसते.

पोट भरलं की झालं, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. तिथे बाळाच्या जन्मवजनाचा संबंध नुसत्या उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी ठळकपणे दिसला. उसाच्या पडावावर या तीन गोष्टींतलं काय मिळतं, हे पडावावर एकदा जाऊन आलेल्या माणसाला विचारावं.

आता जन्मानंतरचा भाग. पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाची श्वासनलिका आतून साधारण चार मिलिमीटर रुंद असते. सर्दी-खोकल्याने तिचं अस्तर सगळीकडून एक मिलिमीटर सुजलं, तर त्रिज्या दोनाची एक होते. त्रिज्या घटली की नळीतून वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा चौथ्या घाताने वाढतो. दोनाचा चौथा घात सोळा. म्हणजे त्या बाळाला तेवढीच हवा आत ओढायला सोळापट जोर लावावा लागतो. आठ मिलिमीटरच्या नळीला तेवढीच सूज आली तर अडथळा तिप्पट होतो. त्याहून रुंद नळीचा मोठा माणूस खोकतो, काढा घेतो, कामाला जातो. जन्मतः नळीच अधिक अरुंद असेल, कड्या मऊ असतील, बाळ मुदतीआधी आलेलं असेल, तर हा हिशेब कुठे जातो? मुदतपूर्व बाळाची श्वासनलिका दाबाखाली सहज दबते. त्याच्या बरगड्याही बऱ्याचशा कूर्चेच्याच असतात, म्हणून जोराने श्वास ओढला की छाती बाहेर येण्याऐवजी आत जाते. यालाच आपल्या आज्या ‘डबा झाला’ म्हणत आणि पोट उडताना पाहून घाबरत. त्यांचं पाहणं बरोबर होतं. या बाळाच्या श्वासाच्या स्नायूंत सोळापट जोर लावायची शक्ती किती वेळ टिकणार? स्नायू थकतात, बाळ निळं पडतं. न्यूमोनियाचा जंतू पुण्यातल्या बाळाच्या छातीतही शिरतो. तिथलं बाळ आठवडाभर कुरकुरतं आणि बरं होतं. फरक जंतूत नाही.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांखालच्या जवळजवळ निम्म्या मृत्यूंचा संबंध कुपोषणाशी जोडते. त्यातली बहुतेक मुलं दाखल्यावर न्यूमोनिया, अतिसार, गोवर अशाच नावांनी जातात. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नंदुरबार जिल्ह्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांचं वजन वयाच्या मानाने कमी निघालं आहे. एवढ्या मुलांमध्ये मृत्यू येतो आणि तो कुपोषणाला वळसा घालून येतो, हे ज्यांना पटवून द्यायचं आहे त्यांनी पुरावा द्यावा. काठीच्या बाळांच्या श्वासनलिका कापून पाहिल्या का, असा प्रश्न मला विचारला जाईल. माझं उत्तर असं: आईचं रक्त, बाळाचं वजन, जन्माचा आठवडा, हे सगळं नोंदलेलं असताना त्याचा मृत्यूशी संबंध नाही असं म्हणणाऱ्यावरच सिद्ध करण्याची जबाबदारी येते.

‘आदिवासींची चणच बारीक, मुलं जन्मतः लहानच असणार’ हा दुसरा युक्तिवाद. याला फार जागा द्यायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत मुलांची वाढ मोजली. पोटभर अन्न, आईचं दूध आणि स्वच्छ घर मिळालेली मुलं सगळीकडे जवळजवळ सारखीच वाढली. आज अंगणवाडीत भिंतीवर लावलेले वाढीचे तक्ते त्यातूनच आले. तक्ता सरकारचा, वजनकाटा सरकारचा, आणि काटा कमी दाखवू लागला की दोष वंशाचा, हे चालणार नाही.

तिसरा युक्तिवाद मला जास्त बोचतो, कारण तो आई-बापांवर ढकलतो. मूल आजारी पडलं की आधी भगताकडे नेतात, दवाखान्यात उशिरा आणतात, म्हणून दगावतं. भगताकडे जाणं मी पाठीशी घालत नाही. त्यात गेलेला वेळ कित्येक मुलांना महागात पडला आहे. पण काठीच्या वरच्या पाड्यावरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तिथून गाडी मिळाली तर मोलगी, तिथे भागलं नाही तर देवगोईचा घाट उतरून अक्कलकुवा, आणि मग नंदुरबार. हा प्रवास आधी करून मग भगताकडे का जात नाही, असं विचारणं म्हणजे डोंगर न पाहता केलेला प्रश्न आहे. भगत पाड्यावर असतो. आणि उशीर चार तासांचा असो की दोन दिवसांचा, तो शेवटच्या आठवड्यातला उशीर आहे. ज्या उशिरामुळे बाळ एवढं दुबळं जन्मलं, तो आठ महिने आधीचा होता, आणि तो आई-बापांनी केलेला नव्हता.

माझ्याच बाजूच्या काही मित्रांचंही एक म्हणणं खोडायला हवं. कुपोषण हेच मूळ कारण आहे तर न्यूमोनियाच्या औषधांवर कशाला वेळ घालवायचा, आधी भूक मिटवा, असं ते म्हणतात. हे म्हणणं मुलांच्या जिवाशी खेळणारं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्री-पुरुषांना आणि दायांना श्वास मोजायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवलं. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतलं पन्नास किंवा अधिक श्वास घेत असेल तर थांबायचं नाही. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधं उपकरण केलं. न्यूमोनियाने होणारे मृत्यू खूप घटले आणि ते काम 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. भूक मिटेपर्यंत ती मुलं थांबू शकत नव्हती. गर्भात नळी अरुंद राहिली म्हणजे बाळाच्या कपाळावर मरण लिहिलं गेलं, असा अर्थ कुणी काढू नये. वायुकोश पुढे तयार होतात, कूर्चा वाढते, आईचं दूध जंतूंना अडवतं, वेळेवरची गोळी जीव वाचवते. पण न्यूमोनियावर इलाज करता आला म्हणजे भूक निर्दोष सुटली, असंही होत नाही. हा अर्थ काढणारे बंग दांपत्याच्या कामाचा अर्धाच भाग वाचतात.

तर बालमृत्यूच्या परीक्षणात आज जे प्रश्न विचारले जातात त्यांत भर हवी. आई गरोदरपणाच्या पहिल्या पाच महिन्यांत कुठे होती? पडावावर होती का? तेव्हा तिच्या रक्ताची तपासणी झाली का, लोहाची गोळी कुणी दिली का? घरात चूल कुठे होती? बाळाचं जन्मवजन किती आणि आठवडे किती भरले होते? ही उत्तरं चार नंबरच्या फॉर्मच्या खालच्या ओळींत उतरली पाहिजेत. आणि ती उतरवणाऱ्या तरुण डॉक्टरला ‘कुपोषण लिहू नका’ असा निरोप वरून जाता कामा नये.

असं केलं तर कुपोषणाने झालेल्या मृत्यूंचे आकडे एकदम फुगतील, जिल्ह्याची बदनामी होईल, अशी भीती खासगीत बोलून दाखवली जाते. नंदुरबार 2018 पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. तिथे क्रमांक वर-खाली होतात, म्हणून ही भीती जास्त. आकडे फुगू द्यावेत. 2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंची सरकारी नोंद किती अपुरी आहे हे दाखवलं, तेव्हाही बदनामीचीच ओरड झाली होती. पण त्यातूनच शासनाला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, आणि गडचिरोलीत सिद्ध झालेली घरोघरच्या नवजात बाळाच्या सेवेची पद्धत 2011 मध्ये देशभरातल्या आशांच्या कामात आली. आज काठीतली आशा बाळ जन्मल्यावर बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी देते, त्याचं वजन करते, श्वास पाहते. अशाच ठरलेल्या भेटी गरोदरपणाच्या पहिल्या चार महिन्यांत, उसाच्या पडावावर जाऊन व्हायला हव्यात. पडाव गुजरातेत आहे आणि बाई महाराष्ट्राची आहे, म्हणून दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांनी एकत्र बसून नोंदणीचा एकच कागद ठरवावा. गरोदर बाईचं नाव दिवाळीला गाव सोडण्याआधी त्यावर चढावं, तिच्याबरोबर ते पडावावर जावं, आणि तिथल्या नर्सने लोहाची गोळी तिच्या हातात ठेवावी. या बाया शोधणं अवघड नाही: साखर कारखान्यांकडे तोडणीच्या प्रत्येक कोयत्याची यादी मुकादमाकडून हंगामाआधीच आलेली असते. उचल त्याच यादीवर दिली जाते.